चूल दक्षिणेला आहे

नारळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. नगरं कोणती, तर बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. आम्हा कोल्हापूरकरांना हे थोडं लागतंच. माणूस जन्मला इथं, १९ जुलै १९३८ रोजी, आणि गाव मात्र यादीत नाही. अर्थात वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते, त्यामुळे पोराचं वाढणं तिकडंच व्हायचं होतं. तरी ऑगस्ट २०२० मध्ये, घरात कोंडून घेतलेल्या त्या दिवसांत, पुण्याच्या ‘आयुका’तल्या शास्त्रज्ञांनी दूरची एक दीर्घिका शोधल्याची बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आधी हेच आलं, की आयुका म्हणजे आपल्या माणसानं १९८८ साली उभी केलेली संस्था. अभिमान असा फुकटात मिळतो. बातमी समजायला मात्र बरेच दिवस गेले, आणि समजली तेव्हा त्या अभिमानाला वेगळीच गाठ बसली.

दीर्घिकेचं नाव एयूडीएफएस०१. अंतर ९.३ अब्ज प्रकाशवर्षं. तिथून प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता. पण इतक्या लांबच्या दीर्घिका हबल दुर्बिणीनं हजारोंनी टिपल्या आहेत, ही सुद्धा हबलच्या चित्रात होतीच. नवीन होता तो तिच्यातून आलेला एक विशिष्ट प्रकाश. नुकते जन्मलेले मोठे, तापलेले तारे अतिनील किरण ओकत असतात. त्यातले ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे किरण हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि त्या भानगडीत स्वतः संपतात. ताऱ्यांभोवती सगळा हायड्रोजनच, त्यामुळे हे किरण सहसा दीर्घिकेबाहेर पडतच नाहीत. इथं ते पडले होते. निघताना लांबी सुमारे ६० नॅनोमीटर. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं आणि पोचेपर्यंत ती दीडशेच्या आसपास झाली. तरी ते अतिनीलच. वातावरण त्यांना जमिनीपर्यंत येऊ देत नाही, म्हणून पन्हाळ्यावर कितीही मोठी दुर्बीण नेऊन लावली तरी उपयोग शून्य.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर अतिनील चित्रं घेणारी जोडदुर्बीण आहे, ‘युव्हिट’. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, आयुका, टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अंतराळ संस्था यांनी मिळून ती घडवली. आरसा साधारण ३८ सेंटीमीटरचा, घरातल्या परातीएवढा. हबलचा २.४ मीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानं सुमारे चाळीस पट. ऑक्टोबर २०१६ मध्ये ही परात आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडं सगळे मिळून २८ तासांहून जास्त वेळ रोखली गेली.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतात ती त्यानंतरची जवळपास दोन वर्षं. आयुकाचे कनक साहा आणि त्यांचे सहकारी हाती आलेल्या ठिपक्यावर संशय घेत बसले. त्याच दिशेला, आपल्या जवळची एखादी फिकट दीर्घिका मध्ये आली असेल आणि प्रकाश तिचाच असेल तर? या शाखेत अशी फसगत आधी झालेली आहे. शिवाय एक प्रश्न जग विचारणारच होतं: हबलला न दिसलेलं तुमच्या परातीला कसं दिसलं? उत्तर आरशात नव्हतं, गोंगाटात होतं. युव्हिटचं उपकरण सेकंदाला सुमारे २९ चित्रं घेत प्रकाशाचा एकेक कण मोजतं, आणि त्याचा स्वतःचा गोंगाट हबलवरच्या उपकरणांपेक्षा खूपच कमी आहे. महाद्वार रोडवर ऐन दिवाळीत कुजबूज ऐकायला केवढाही कान पुरत नाही. पहाटे चारला साधा कान पुरतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त निबंध आला.

आता ती गाठ. या किरणांना एवढं महत्त्व कशासाठी? महास्फोटानंतर विश्व निवलं आणि उदासीन हायड्रोजननं भरून गेलं. पुढं पहिल्या अब्जभर वर्षांत कुणीतरी त्या सगळ्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पुन्हा उडवले. पहिल्या दीर्घिकांनी, असा अंदाज आहे. पण त्यांचे किरण बाहेर गळत होते का? तिकडचे हे किरण वाटेतच गिळले जातात, त्यामुळे थेट बघता येत नाही. म्हणून अलीकडची अशी गळकी दीर्घिका साक्षीला लागते. हिच्यातून किमान २० टक्के किरण बाहेर पडत होते.

पण हा सगळा प्रश्नच महास्फोट मानला तर पडतो. आणि नारळीकर महास्फोट मानत नव्हते. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला आणि पुढंही शंका सोडली नाही. मला स्वतःला तो पर्याय पटत नाही. अवकाशभर लोखंडाच्या सूक्ष्म सुया पसरलेल्या मानून पार्श्वभूमी प्रारण समजावणं ओढूनताणून वाटतं. पण आपल्याकडं संस्थापकाला न पटणारी गोष्ट संस्थेत खुशाल चालणं किती दुर्मीळ, हे कुठल्याही शिक्षणसंस्थेत नोकरी केलेल्या माणसाला विचारा. त्यांनी २००३ पर्यंत आयुका चालवली, २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. ज्या कथेवर त्यांचा विश्वास नव्हता तिच्यातला एक पुरावा त्यांच्याच अंगणात, त्यांच्या हयातीत सापडला.

तो आकाशाचा तुकडा अश्मंत तारकासमूहात आहे. अश्मंत म्हणजे चूल. डिसेंबरात रात्री दहाच्या सुमाराला कोल्हापुरातून तो दक्षिणेला, क्षितिज आणि डोक्याच्या बरोबर मध्यावर असतो. गेल्या हंगामात मामाच्या गुऱ्हाळावर होतो. चुलवणाचा उजेड चुकवत उसाच्या बांधावर गेलो. मामेभाऊ मागोमाग आला. बोट दाखवून सांगितलं, तिथं बघ. त्यानं मान वर करून बराच वेळ बघितलं.

“तिथं तर काय बी दिसंना,” तो म्हणाला, आणि काहील उतू जाईल म्हणून परत पळाला.