पत्र्याच्या डबीची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढें येतात. हवेच्या बंदुकीचे छर्रे ज्या पत्र्याच्या डबींतून विकले जातात, त्या डबीस ह्या पंक्तींत बसविलें तर वाचक हंसतील. परंतु अशा जुन्या डब्या आवडीनें जमविणारे लोक इंग्लंडांत व इतरत्र आहेत. आणि त्यांचा नाद हा केवळ पोरखेळ आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आंतील छर्रा असतो डमरूच्या आकाराचा, मध्यें बारीक आणि मागें पोकळ. डबीवर कारखान्याचें नांव, छर्ऱ्यांची संख्या आणि ०.१७७ किंवा ०.२२ इंच असें नळीचें माप असतें; साल बहुधा नसतें. छर्रे संपले कीं डबी फेंकून द्यावयाची. तिच्यावर साल घालण्याचें कारखानदारास कारण काय? मग काल ठरवावयाचा कसा? मोडी कागदावर मिति नसली तर संशोधक शिक्का पाहतो. येथें कारखान्याचें नांव हाच शिक्का होय.

एली बंधूंचा कारखाना लंडनचा, तर किनॉकचा बर्मिंगहॅमनजीक विटन येथील. दोघेही काडतुसांचे नामांकित कारखानदार. पहिलें महायुद्ध संपलें त्या १९१८ सालीं हे दोघे व इतर अनेक कारखाने एका मोठ्या कंपनींत विलीन झाले. १९२० सालीं तिनें नोबेल इंडस्ट्रीज हें नांव घेतलें, आणि १९२६ सालीं तीहि इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्यें सामावली. म्हणून ह्या शेवटच्या कंपनीचें नांव ज्या डबीवर आहे, ती १९२६ पूर्वीची असणें शक्य नाहीं. त्याचप्रमाणें ‘पश्चिम जर्मनी’ हा छाप दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी दुभंगली तेव्हांपासून १९९० सालीं ती पुन्हा जुळेपर्यंतच्या काळाची खूण होय. दोन राष्ट्रांची फाळणी व मीलन मुलांच्या खेळण्याच्या डबीवरहि उमटलें आहे!

मात्र ह्या साक्षीची उलटतपासणी केली पाहिजे. ‘एली’ हें नांव एकीकरणानंतरहि पुष्कळ वर्षें डब्यांवर राहिलें. तेव्हां केवळ तेवढें नांव पाहून डबी १९१८ पूर्वीची म्हणणें ही घाई होय. शिवाय छापून पडलेला जुना पत्रा नंतरहि वापरला गेला असणें संभवनीय आहे. नांवावरून ‘ह्या सालाच्या आधींची नव्हे’ इतकेंच निश्चित कळतें. त्यापुढें रंग, अक्षरांचें वळण, झांकणाची घडण ह्यांची एकमेकांशीं तुलना करावी लागते. क्षुल्लक फरकांस संग्राहक इतकें महत्त्व कां देतात, तें ह्यावरून ध्यानांत येईल.

आमच्या हातीं प्रथम आलेली डबी गंजलेली होती. नव्या हौसेच्या भरांत आम्हीं ती राखेनें खसाखसा घासली. गंज निघाला आणि त्याबरोबर अक्षरेंहि गेलीं. ती लखलखीत डबी आम्हीं अजून जपून ठेविली आहे. पण ती कोणाची व कोणत्या काळची, हें आतां कोणासच सांगतां यावयाचें नाहीं.