चॅनल स्ट्रिप: कन्सोलवरून पडद्यावर

स्वतंत्रपणे मुद्रित झालेले आवाज आणि वाद्ये यांची पातळी, पोत व जागा ठरवून त्यांचे एकसंध गाणे घडवण्याच्या कामाला मिश्रण म्हणतात, आणि ते ज्या मिक्सिंग कन्सोलवर होत असे, त्यावरील प्रत्येक ध्वनिमार्गाच्या बटणांच्या उभ्या पट्टीला चॅनल स्ट्रिप हे नाव आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी या पट्टीत सामान्यतः माइकचा क्षीण संकेत वाढवणारा प्रीअँप, खर्ज व टीप यांचे प्रमाण बदलणारा इक्वलायझर आणि पातळी ठरवणारा फेडर असे. आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर मात्र बाहेर रॅकमध्ये असल्यामुळे तो मोजक्याच मार्गांच्या वाट्याला येई. इंग्लंडमधील सॉलिड स्टेट लॉजिक या कंपनीच्या एसएल ४००० ई या कन्सोलने कॉम्प्रेसर आणि ठरावीक पातळीखालील आवाज बंद करणारा गेट ही दोन्ही साधने प्रत्येक पट्टीत आणली.

पुढे स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी हा संकेतसंच आणला, तेव्हा प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, घरच्या संगणकावरही चालू लागले. जुन्या कन्सोलच्या विद्युतमंडलांचे गणिती अनुकरण करणाऱ्या चॅनल स्ट्रिप प्लगइनांनी टीपेचे तांबडे आणि खर्जाचे तपकिरी बटणसुद्धा पडद्यावर जसेच्या तसे रेखाटले. कन्सोलवर पट्ट्यांची संख्या यंत्राने ठरवलेली असे. प्लगइनची एकच प्रत मात्र संगणकाच्या कुवतीनुसार कितीही मार्गांवर उघडता येते, आणि अशा प्लगइनांचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः यातच आहे.