पर्सनल ट्रेनर व्हायचंय? बॉडीआधी सर्टिफिकेट बनवा

बारावीनंतर आपल्या मोहल्ल्यातली बरीच मुलं जिममध्ये रमतात. शरीर कमावतात, मित्रांना व्यायाम शिकवतात आणि मग घरात विषय निघतो, यातच करिअर होईल का? होईल. पण स्वतःची बॉडी बनवणं वेगळं आणि पन्नाशीच्या, शुगर असलेल्या माणसाकडून व्यायाम करून घेणं वेगळं. चुकीच्या पद्धतीने वजन उचलायला लावलं, तर कंबर किंवा गुडघा कायमचा दुखावू शकतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि ग्राहक ती तुमच्या भरवशावर सोडतो.

कोर्स कोणता करावा?

भारतात या क्षेत्रासाठी स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लेझर स्किल्स कौन्सिल आहे. तिचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम सरकारी कौशल्य चौकटीत येतो. मोठ्या जिममध्ये किंवा परदेशात काम करायचं असेल तर एसीई, एनएएसएम यांसारखी अमेरिकन सर्टिफिकेट उपयोगी पडतात. एसीईसाठी वय किमान 18 लागतं, सीपीआर-एईडीचं प्रमाणपत्र लागतं आणि परीक्षेत 150 प्रश्नांसाठी 3 तास मिळतात. हे सर्टिफिकेट दर 2 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

फी भरण्यापूर्वी अब्बूंना किंवा मोठ्या भावाला सोबत न्या आणि तीन गोष्टी विचारा: सर्टिफिकेट नेमकं कोण देतं? प्रात्यक्षिक किती तास होतं? फीमध्ये परीक्षा धरली आहे का? ‘100 टक्के नोकरी’ अशा जाहिरातीवर विसंबू नका.

सुरुवात आणि कमाई

नवख्याला सहसा फ्लोअर ट्रेनरची नोकरी मिळते. पगार बेताचा असतो. पर्सनल ग्राहक मिळाले की फी जिम आणि ट्रेनरमध्ये वाटली जाते. तुमचा हिस्सा किती, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. पहाटे आणि रात्री काम, दुपार मोकळी, असा दिनक्रम असतो. त्यामुळे सुरुवातीला शिक्षण चालू ठेवता येतं.

मुलींसाठी संधी

अनेक भगिनींना व्यायाम करायचा असतो, पण पुरुष ट्रेनर नको असतो. लेडीज बॅच, घरी जाऊन ट्रेनिंग किंवा सोसायटीच्या हॉलमधला वर्ग, हे सगळं पर्दा सांभाळून करता येतं. मोठी मशीनही लागत नाहीत. चटई, डंबेल आणि रेझिस्टन्स बँडवर सुरुवात होते.

रमजान आणि सप्लिमेंट

रमजानमध्ये ग्राहक कमी होतात किंवा वेळ बदलतात, म्हणून थोडी बचत हाताशी ठेवा. रोजेदाराला दुपारी जड व्यायाम देऊ नका. इफ्तारनंतर पाणी आणि हलकं खाणं झाल्यावरची वेळ बरी. शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा. औषध सांगणं हे ट्रेनरचं काम नाही.

पावडर, कॅप्सूल सुचवताना डब्यावरचा एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक बघा. कॅप्सूलचं जिलेटिन प्राण्यापासूनचं असू शकतं. हलालबद्दल शंका असेल तर हिरवा ठिपका तपासा. स्टेरॉइड तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणंच बेकायदा आहे. कमिशनसाठी ते कुणाच्या हातात देऊ नका. या धंद्यात नाव व्हायला वर्षं लागतात, जायला एक ग्राहक पुरतो.