मागच्या चाकाचा ब्रेक

श्रोतेहो, आपले वाशीम पठारावर वसलेले, तर अकोला खाली पूर्णेच्या खोऱ्यात. तेव्हा मेडशी मागे टाकून पातूरकडे निघालेल्या गाडीला घाट उतरणे भागच. बैलगाडीच्या काळी उतारावर सारा भार जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर येई. गाडीवान कासरा ओढून धरी आणि थांबायचे झाले की चाकाखाली दगड सारी. पाहा, ही कामे दोन आहेत. चालती गाडी आवरणे हे एक आणि थांबलेली गाडी जागीच धरून ठेवणे हे दुसरे. मोटारीच्या मागच्या चाकाला ही दोन्ही कामे करावी लागतात. जुन्या मोटारीचा मागचा डिस्क ब्रेक घरी बदलणाऱ्याने एवढे आधी ध्यानात घ्यावे.

ब्रेक गाडीची गती गिळतो आणि तिची उष्णता करतो. तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा, म्हणजे पटेल. ही उष्णता सोसायची कशी आणि घालवायची कुठे, याच प्रश्नाभोवती ब्रेकचा इतिहास फिरला आहे. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकीत, असे सांगतात. ते पाहून हर्बर्ट फ्रूड याने घर्षणाचे चांगले अस्तर तयार केले आणि १८९७ साली धंदा मांडला. त्याचेच पुढे फेरोडो झाले. या धंद्यात पुढे अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते उष्णता सोसते खरे, पण त्याची धूळ फुप्फुसाला घातक ठरली.

१९०२ साली फ्रान्सच्या लुई रेनॉने ड्रम ब्रेक काढला. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रमची उष्णता आत कोंडते, चकती मात्र उघड्या वाऱ्यावर फिरून निवते. कल्पना उत्तम होती, पण तांब्याचे पॅड भयंकर किंचाळत. त्यामुळे चकती मागे पडली आणि ड्रमचे राज्य पन्नास वर्षे चालले.

आता एक गंमत ऐका. आरंभी बहुतेक मोटारींना ब्रेक असे तो फक्त मागच्या चाकांना. वळणाऱ्या पुढच्या चाकांपर्यंत सळ्या नि तारा नेणे अवघड होते. परंतु एस.टी.ने अचानक ब्रेक दाबला की आपण पुढे झुकतो ना? तसाच गाडीचा भारही पुढच्या चाकांवर जातो, म्हणून खरा जोर पुढेच हवा. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला द्रवाच्या दाबाचा नियम इथे कामी आला. १९२१ च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग मोटारीत द्रवाच्या दाबाने चारही चाके आवरू लागली. १९५३ साली फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, आणि १९५५ च्या सित्रोएन डी.एस.मध्ये पुढच्या चाकांना डिस्क आल्या. आपल्याकडे कुर्ल्याला बनणाऱ्या जुन्या फियाटला चारही ड्रमच होते. १९९५ पासून पुण्यात जुळू लागलेल्या मर्सिडीजला मात्र चारही चाकांना डिस्क होत्या.

मग हँडब्रेकचे काय? काही मोटारींत मागच्या चकतीच्या पोटात त्यासाठी लहानसा ड्रम ठेवला. काहींत हँडब्रेकची तार थेट कॅलिपरच्या पिस्टनला जोडली. घरी काम करणारा फसतो तो इथे. पुढचा पिस्टन सरळ दाबून आत जातो. मागचा तारेचा पिस्टन मात्र दाबता दाबता स्क्रूसारखा फिरवावा लागतो. नुसता रेटला तर आतली यंत्रणा मोडते.

आता अंगणात या. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घाला. पुढच्या चाकांना दगड लावा आणि मगच हँडब्रेक सोडा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, भक्कम स्टँड लावा. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. कॅलिपर सोडला की तारेने बांधून ठेवा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. चिखलाने धरलेल्या सरक-पिना साफ करा. चकतीवर किमान जाडी कोरलेली असते. ती त्याखाली झिजली असेल तर चकतीही बदला, आणि जे बदलाल ते दोन्ही बाजूंचे बदला. पिस्टन आत जाताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, तिकडे लक्ष असू द्या. त्यात इंजिनचे तेल चुकूनही घालू नका, रबर फुगून ब्रेक निकामी होतो.

चाक बसवून नट घट्ट केले, म्हणजे काम संपले असे नाही. पिस्टन मागे सरलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नंतर हँडब्रेक ओढून थोड्या उतारावर गाडी उभी राहते का ते पाहा, आणि सपाट मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून परीक्षा घ्या. पेडल मऊ लागले किंवा तेल गळाले, तर गाडी तिथेच उभी ठेवून जाणत्या मेकॅनिकला बोलवा.

शिक्षक मित्रांनो, शाळेत घर्षण शिकवताना झिजलेला पॅड आणि नवा पॅड मुलांच्या हाती द्या. दोहोंतला फरक बोटाला कळेल, आणि पातूरच्या घाटात आपला जीव किती जाडीच्या अस्तरावर असतो तेही कळेल.