एका चित्रपटाचे पाठभेद

ग्रंथाचे पाठभेद ही मराठी वाचकाच्या ओळखीची गोष्ट आहे. नकला करणारांच्या हातून ज्ञानेश्वरींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. परंतु ज्या कृतीचा कर्ता हयात आहे, आणि जिच्यांतील फेरफार खुद्द त्यानेंच केलेले आहेत, तिचा शुद्ध पाठ कोणता समजावयाचा? अमेरिकेंतील ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेच्या चाहत्यांत हा वाद १९९७ पासून चालत आला आहे. वरवर पाहतां तो क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न क्षुल्लक नाहीं.

जॉर्ज ल्यूकस यांचा या मालेंतील पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजीं प्रदर्शित झाला. दुसरा १९८० सालीं व तिसरा १९८३ सालीं आला. दूरच्या तारकामंडळांतील एक जुलमी साम्राज्य आणि त्याविरुद्ध उठलेले बंडखोर यांची ही कथा. संगणकानें चित्रें उभीं करण्याची कला त्या काळीं बाल्यावस्थेंत होती. अंतराळांतील जहाजें म्हणजे हातांनीं घडविलेले लहान नमुने. त्यांच्याजवळून कॅमेरा फिरवून युद्धाचा भास निर्माण केलेला. १९७८ सालच्या ऑस्कर समारंभांत या दृश्यांच्या करामतीस व चित्रसंकलनासही पारितोषिकें मिळालीं.

पहिला फेरफार लहानसा होता. १९८१ सालीं चित्रपट पुन्हां प्रदर्शित झाला, तेव्हां आरंभींच्या मजकुरांत ‘चौथा भाग’ हे शब्द व ‘अ न्यू होप’ हें उपशीर्षक आलें. १९९७ सालीं मात्र, विसाव्या वर्षाच्या निमित्तानें, तिन्ही चित्रपटांच्या ‘विशेष आवृत्त्या’ निघाल्या. त्यांत संगणकानें रचलेले प्राणी आले, गाळलेलें एक दृश्य परत आलें, तिसऱ्या चित्रपटाच्या अखेरचें संगीतही बदललें.

सर्वांत गाजलेला फेरफार केवळ कांहीं क्षणांचा आहे. चोरटा माल वाहून नेणारा कप्तान हान सोलो गुत्त्यांत बसला असतां, बक्षिसाच्या आशेनें माणसें पकडणारा ग्रीडो त्याच्यावर पिस्तूल रोखतो. १९७७ च्या पाठांत सोलो टेबलाखालून गोळी झाडून त्यास ठार करतो. ग्रीडोस संधीच मिळत नाहीं. १९९७ च्या पाठांत ग्रीडो आधीं गोळी झाडतो, त्याचा नेम चुकतो, आणि मग सोलो त्यास मारतो. २००४ च्या पाठांत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच वेळीं सुटतात. आणि २०१९ च्या पाठांत ग्रीडोच्या तोंडीं एक नवाच शब्द घातला गेला.

एका गोळीनें एवढें काय बिघडलें, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. चाहत्यांचें उत्तर असें कीं, सोलो आरंभीं स्वार्थी व निर्ढावलेला आहे, म्हणूनच शेवटीं त्याचें मित्रांच्या मदतीस धांवून येणें हें परिवर्तन ठरतें. त्यास आधींच निर्दोष करून ठेवलें, तर परिवर्तन कसलें?

ल्यूकस यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पैसा, वेळ व साधनें अपुरीं पडल्यामुळें जें मनांत होतें तें १९७७ सालीं पडद्यावर उतरलें नाहीं. विशेष आवृत्ति हीच आपली खरी कृति, असें त्यांचें मत. कर्त्यास आपली कृति सुधारण्याचा अधिकार नाहीं, असें कोण म्हणेल? कवीही पुढील आवृत्तींत आपल्या ओळी दुरुस्त करतो. परंतु त्याचें पहिलें पुस्तक कोठल्या तरी ग्रंथालयांत शिल्लक राहतें व ज्यास हवें त्यास तें उघडून पाहतां येतें. येथें तसें घडलें नाहीं. नव्या आवृत्तीसाठीं मूळ निगेटिव्हमध्येंच नवीं दृश्यें जोडण्यांत आलीं, आणि जुना पाठ दिसेनासा झाला. २००६ सालीं तो डीव्हीडीवर निघाला खरा, पण १९९३ च्या लेसर डिस्कसाठीं केलेल्या प्रतीवरून, हीन दर्जाचा.

विशेष हें कीं, याच ल्यूकस यांनीं ३ मार्च १९८८ रोजीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें साक्ष देऊन, जुन्या कृष्णधवल चित्रपटांस मागाहून रंग चढविण्याचा निषेध केला होता. त्यांचा रोख कर्त्यांवर नसून मालकांवर होता, हें कबूल केलें पाहिजे. पण पुढच्या पिढीस मूळ कृति पाहावयास मिळाली पाहिजे, हें तत्त्व दोघांसही सारखेंच लागू पडतें. त्याच वर्षीं चित्रपट-संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९८९ मध्यें त्याअन्वयें निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत ‘स्टार वॉर्स’ होता!

अखेर चाहत्यांनींच हें काम अंगावर घेतलें. कोणी निरनिराळ्या प्रतींतील तुकडे जुळवून जुना पाठ उभा केला. कोणी १९७७ च्या फिल्मच्या जुन्या प्रती मिळवून त्यांतील एकेक चित्र संगणकावर उतरविलें, धूळ व ओरखडे काढले. कायद्याच्या दृष्टीनें त्यांचा हा उद्योग वादग्रस्त असला, तरी त्यामागील चिकाटी पाठसंशोधकाची आहे. पुढें १२ जून २०२५ रोजीं लंडनमध्यें ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवांत १९७७ ची एक मूळ प्रत लोकांपुढें दाखविण्यांत आली. ल्यूकस यांची कंपनी २०१२ सालीं डिस्नेच्या मालकीची झाली होती. तिनेंही २०२५ मध्यें जाहीर केलें कीं, पन्नासाव्या वर्षीं, म्हणजे २०२७ सालीं, तो पहिला पाठ पुन्हां चित्रपटगृहांत दाखविला जाईल.

एकनाथ महाराजांपुढें जुन्या पोथ्या होत्या, म्हणून शुद्ध प्रत सिद्ध होऊं शकली. कर्त्यानें नवी प्रत अवश्य काढावी. कोणती सरस, तें लोक ठरवितील. मात्र त्यासाठीं जुनी प्रत बुडवूं नये.