नॉटिलस

मृदुकाय संघाच्या शीर्षपाद वर्गातील सागरी प्राणी. माकूल आणि अष्टपाद याच वर्गातले; पण अंगाबाहेर कप्प्यांचा शंख असलेले शीर्षपाद आज नॉटिलस व ॲलोनॉटिलस या दोनच प्रजातींत उरले आहेत. सर्वपरिचित जातीला लिनीअस यांनी १७५८ मध्ये नॉटिलस पाँपिलियस हे नाव दिले. फिलिपीन्स, पलाऊ, फिजी, न्यू कॅलेडोनिया येथील प्रवाळभित्तींच्या बाहेरील उतारांवर, साधारण १०० ते ७०० मी. खोलीत नॉटिलस आढळतात.

शंख सुमारे वीतभर, वरच्या अंगाला तांबूस पट्ट्यांचा आणि खाली कोरा पांढरा असतो. प्राणी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राहतो. वाढताना तो पुढे सरकतो व मागे मोतिया चकाकीचा पडदा बांधतो. अंड्यातून निघताना सुमारे ७ कप्पे असतात, प्रौढपणी ३० किंवा अधिक. नवा कप्पा प्रथम द्रवाने भरलेला असतो. पडदा मजबूत होईपर्यंत समुद्राचा दाब पेलायला त्या द्रवाचाच आधार मिळतो. मग सर्व पडद्यांतून गेलेल्या बारीक नळीच्या पेशी द्रवातील क्षार ओढून घेतात, क्षारांमागून पाणी रक्तात जाते आणि रिकाम्या जागेत वायू सावकाश पाझरतो. म्हणजे प्राणी कप्प्यांत हवा भरत नाही, पाणी काढतो. या शंखातले खरे नवल हेच. रिकाम्या कप्प्यांमुळे प्राणी पाण्यात तरंगून राहतो; पण पाणी काढण्याचे हे काम फार संथ असल्याने रोजची चढउतार तो पाण्याचा झोत सोडून, पोहूनच करतो. सुमारे ८०० मी.खाली शंख दाबाने चेपून फुटतो.

हा शंख सुवर्ण गुणोत्तराचा नमुना म्हणून सर्रास छापला जातो. ते चूक आहे. त्याचे वेटोळे दर फेऱ्याला सुमारे तिप्पट रुंदावते; सुवर्ण सर्पिल जवळजवळ सातपट.

डोळ्याला भिंग नसते, नुसते छिद्र. समुद्राचे पाणी थेट आत शिरते. त्यामुळे भिस्त वासावर. चूषकरहित सुमारे ९० शुंडकांनी तो खेकडे, त्यांनी टाकलेली कवचे आणि मेलेले मासे पकडून खातो. अंडे उबायला जवळपास वर्ष लागते, प्रौढ व्हायला दहाहून अधिक वर्षे. मांसाचे आमिष लावलेल्या सापळ्यांत मात्र तो सहज सापडतो, आणि शोभेच्या शंखांसाठी फिलिपीन्समध्ये अशी पकड इतकी झाली, की काही ठिकाणी तो दिसेनासा झाला. २०१६ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आणायचे ठरले. भारताने नॉटिलस पाँपिलियसला २००१ मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले होते.