गालगुंड : एमआरच्या मोफत लसीत गालगुंडाचा डोस नाही, पालकांनो कार्ड तपासा

सिल्वासा : मुलाचा गाल कानाखाली सुजला, ताप आला, घास चावताना कळ यायला लागली की घरात पहिला शब्द निघतो, 'गालगुंड'. लेप लावायचा, चार दिवस शाळा बुडवायची, झालं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतंही. पण हा आजार किती जणांना होतो आणि किती जणांना महागात पडतो, हा हिशोब एकदा मांडायला हवा.

किती जणांना होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, लस नसलेल्या भागात दर लाख लोकांमागे वर्षाला 100 ते 1,000 जणांना गालगुंड होतो आणि दर 2 ते 5 वर्षांनी साथ येते. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या 3,43,709 होती. हाच दर लावला तर शांत वर्षात साधारण 340 आणि साथीच्या वर्षात 3,400 रुग्ण होतात.

दवाखान्याच्या वहीत आकडा नेहमी कमीच दिसणार. लागण झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना गालाची सूज येतच नाही, आणि सूज आलेलेही बरेच जण घरीच बरे होतात. 2024 च्या सुरुवातीला केरळमध्ये हजारो रुग्ण नोंदले गेले, तेव्हा या आजाराकडे देशाचं लक्ष गेलं.

गुंतागुंत किती?

- वयात आलेल्या मुलांत व पुरुषांत : 100 पैकी 20 ते 30 जणांच्या वृषणाला सूज येते. बहुतेकदा एकाच बाजूला. कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं.
- वयात आलेल्या मुली व स्त्रिया : सुमारे 5 टक्के जणींच्या अंडाशयाला सूज.
- मेंदूच्या आवरणाला सूज : 10 टक्क्यांपर्यंत. बहुतेक जण पूर्ण बरे होतात.
- स्वादुपिंडाला सूज : सुमारे 4 टक्के. पोटात जोरात दुखतं, उलट्या होतात.
- बहिरेपणा : जुन्या पुस्तकांत 20,000 रुग्णांत एक असं लिहिलेलं असतं. जपानमध्ये 7,400 आजारी मुलांवर लक्ष ठेवलं तेव्हा 7 मुलं बहिरी झालेली आढळली, म्हणजे हजारात एक. वर धरलेल्या साथीच्या वर्षात आपल्याकडे अशी तीन मुलं होतील. बहुतेकदा एकच कान जातो, त्यामुळे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

मृत्यू फार क्वचित होतो.

आपल्याकडे काळजी कुठे?

लहानपणी न झालेला गालगुंड मोठेपणी झाला तर त्रास जास्त होतो. सिल्वासा, मसाट, राखोलीकडच्या चाळींत एका खोलीत चार-पाच तरुण कामगार राहतात. खोकला, शिंक, उष्टं पाणी यातून विषाणू पसरतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 16 ते 18 दिवस लागतात आणि सूज यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोगी दुसऱ्याला लागण देतो.

एमआर आणि एमएमआर

सरकारी केंद्रात 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत मोफत मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. तिच्यात गालगुंड नाही. गालगुंडासकट तिन्हींची लस म्हणजे एमएमआर. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं असे तीन डोस सांगते. त्यासाठी खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. दोन डोसांनंतर साधारण 85 टक्के संरक्षण मिळतं. कार्डावर फक्त 'एमआर' असेल तर राहिलेल्या डोसाबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने ही लस घ्यायची नसते.

गालगुंड झाला तर

- सूज आल्यापासून 5 दिवस शाळा, कामाला सुट्टी. पेला, ताट, टॉवेल वेगळा.
- भरपूर पाणी, मऊ जेवण. आंबट टाळा, त्याने कळ वाढते. तापाला पॅरासिटामॉल. मुलांना अॅस्पिरिन देऊ नका.
- लेपाने विषाणू जात नाही.
- मान ताठ होणं, खूप डोकं दुखणं, सारख्या उलट्या, पोटात जोराची कळ, वृषण सुजणं, कमी ऐकू येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचं सरकारी केंद्र गाठा.
- बरं झाल्यावर मुलाच्या एकेका कानाजवळ हळू बोलून ऐकू येतं का ते बघा.